गैरहजर बातमीची हजेरी कशी घ्यायची? हाँगकाँगच्या वृत्तपत्रांनी शिकवलेलं थोडं संशोधन

पीएचडी प्रवेशाची तयारी करणारी ज्युनिअर मंडळी मला नेहमी एक प्रश्न विचारतात. "ताई, तू एमएस्सी स्टॅटिस्टिक्सची, मग वृत्तपत्रांवर कसलं संशोधन करतेस?" याचं उत्तर देण्याआधी माझी एक फजिती सांगते, कारण उत्तर त्यातच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रगती सादरीकरणात मी एक आलेख दाखवला होता. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था दरवर्षी पत्रस्वातंत्र्याचा जागतिक निर्देशांक काढते. त्यात हाँगकाँगचा क्रमांक २००२ मध्ये १८ वा होता, २०२१ मध्ये ८० वा आणि २०२२ मध्ये १४८ वा. एका वर्षात ६८ क्रमांक खाली! रेघ अशी काही कोसळली होती की मला वाटलं, झालं काम. आता यावर कोण काय विचारणार?

समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "२०२१ आणि २०२२ ही दोन्ही मापं एकाच पट्टीनं घेतली आहेत का?"

मला माहीत नव्हतं. नंतर बघितलं तर पट्टी बदललेली होती. २०२२ पासून संस्थेनं मोजण्याची पद्धतच नवी केली आणि आधीच्या वर्षांशी तुलना जपून करा असंही सांगितलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. फक्त आकडे उचलले होते.

आता गंमत बघा. हाँगकाँगमध्ये त्या काळात पत्रस्वातंत्र्य घटलं हे खरंच होतं. म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर आणि पुरावा मात्र लंगडा. संशोधनात ही अवस्था सगळ्यात धोक्याची. कारण ज्याला तुमचा निष्कर्ष नको असतो, तो पुराव्यातली एक फट दाखवतो आणि सगळंच केराच्या टोपलीत टाकतो. तिथे पत्रकार तुरुंगात गेले आहेत. त्यांच्याबद्दल ढिसाळ आलेख काढणं ही नुसती मार्क जाण्याची गोष्ट नाही.

म्हणून आजचा विषय हा: एखाद्या प्रदेशाचं सार्वभौमत्व एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे जातं, तेव्हा तिथल्या वृत्तमाध्यमांचं काय होतं, आणि ते मोजायचं कसं?

आधी थोडी पार्श्वभूमी

हाँगकाँग १८४२ पासून ब्रिटिशांची वसाहत. १९ डिसेंबर १९८४ रोजी ब्रिटन आणि चीन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेलं. 'एक देश, दोन व्यवस्था' या सूत्रानुसार तिथली जीवनपद्धती ५० वर्षं बदलणार नाही असं ठरलं होतं. 'बेसिक लॉ' म्हणजे हाँगकाँगची छोटी राज्यघटनाच. तिच्या २७ व्या कलमात भाषण, मुद्रण आणि प्रकाशनाचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता विज्ञान शाखेचा विद्यार्थी लगेच म्हणेल, सोपं आहे की! १ जुलै १९९७ ही तारीख मधे ठेवा, आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं घ्या, फरक काढा. मीही पहिल्यांदा हेच केलं असतं.

पण ही तारीख फसवी आहे. १९९५ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकानं हाँगकाँगचा मृत्यू होणार अशी मुखपृष्ठकथा छापली होती. १९९७ आलं नि गेलं, तरी वृत्तपत्रं निघत राहिली. सरकारवर कडक टीका होत राहिली. २००३ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या मसुद्याविरुद्ध सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. तुमच्या अभ्यासाची खिडकी १९९२ ते २००२ एवढीच असती, तर तुम्ही निष्कर्ष काढला असता की सत्तांतराचा परिणाम नाही. तोच अभ्यास २०२२ पर्यंत नेला, तर निष्कर्ष उलटा.

दुसरी अडचण मागच्या बाजूची. सत्तांतर १९९७ ला होणार हे सगळ्यांना १३ वर्षं आधीपासून माहीत होतं. औषधाच्या चाचणीत रुग्णाला गोळी द्यायच्या आधीच त्याची तब्येत बदलू लागली तर काय कराल? इथे तसंच झालं. तैवानच्या बाजूचं 'कुंग शुंग' हे जुनं दैनिक १९८४ च्या अखेरीस बंद झालं. कुओमिंतांग पक्षाचं 'हाँगकाँग टाइम्स' १९९३ मध्ये बंद झालं. ब्रिटिश झेंडा अजून खाली यायचा होता. जोसेफ चॅन आणि चिन-चुआन ली या अभ्यासकांचं हाँगकाँगच्या वृत्तपत्रांवरचं पुस्तक १९९१ चं आहे, म्हणजे सत्तांतराच्या सहा वर्षं आधीचं. वृत्तपत्रांनी कूस बदलायला सुरुवात केली आहे हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

तारीख एक, घड्याळं चार

मग माझ्या गाईड मॅडमनी मला एक साधी युक्ती सांगितली. 'पत्रस्वातंत्र्य' ही एक वस्तू समजू नकोस. ते कशाकशावर टिकतं त्याची यादी कर आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं बघ. माझ्या यादीत चार गोष्टी आल्या: कायदा, मालकी, पैसा आणि माणसांची सवय.

कायद्याचं घड्याळ. हे सगळ्यात उशिरा वाजलं, पण सगळ्यात मोठ्यानं. ३० जून २०२० च्या रात्री बीजिंगनं केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा हाँगकाँगमध्ये लागू झाला. तो हाँगकाँगच्या विधिमंडळातून आलाच नव्हता आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये 'ॲपल डेली'चे संस्थापक जिमी लाय यांना अटक झाली. १७ जून २०२१ रोजी सुमारे ५०० पोलिसांनी या दैनिकाच्या कार्यालयावर छापा घातला आणि कंपन्यांची खाती गोठवली. पगार द्यायला पैसे उरले नाहीत. २४ जूनचा अंक शेवटचा. तो दहा लाख प्रती छापला होता, पाऊण कोटी वस्तीच्या शहरात.

पण इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पत्रकारांविरुद्ध वापरलेले सगळेच कायदे नवे नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये 'स्टँड न्यूज' या संकेतस्थळावर छापा पडला, तो राजद्रोहाच्या जुन्या कलमाखाली. हे कलम ब्रिटिशांनी १९३८ मध्ये केलेलं! सरकारी पक्षानं १७ लेख कोर्टापुढे ठेवले, त्यातले ११ राजद्रोही ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन संपादक दोषी ठरले. १९९७ नंतर पत्रकारांना राजद्रोहाखाली दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

आपल्याला हे कलम अनोळखी वाटायचं कारण नाही. सरकारबद्दल द्वेष, तुच्छता किंवा अप्रीती पसरवणं हा गुन्हा, ही भाषा आपल्या जुन्या १२४ अ ची भाषा होती. 'केसरी'तल्या लेखांसाठी १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं. हाँगकाँगचं कलम त्याच घराण्यातलं.

आणि ब्रिटिशांनी ते नुसतं कपाटात ठेवलं नव्हतं. १९५२ मध्ये 'ता कुंग पाओ' या चीनधार्जिण्या दैनिकावर राजद्रोहाचा खटला भरला. १९६७ च्या दंगलींच्या वेळी डाव्या विचारांची तीन वृत्तपत्रं कोर्टामार्फत सहा महिने बंद ठेवली. प्रकाशनांवर नियंत्रण ठेवणारा १९५१ चा कठोर कायदा १९८७ पर्यंत पुस्तकात होता, म्हणजे सत्तांतराला दहा वर्षं उरली तेव्हा तो गेला. मायकेल एनजी या कायद्याच्या इतिहासकाराचं २०२२ चं पुस्तक याच ब्रिटिशकालीन सेन्सॉरशिपवर आहे. त्यामुळे 'ब्रिटिशांच्या काळात स्वातंत्र्य, चीनच्या काळात बंधन' अशी दोन रंगांची मांडणी करू नका. राज्य बदललं तरी टेबलाच्या खणातली हत्यारं तिथेच होती. नव्या राज्यानं खण उघडला आणि त्यात भर घातली. मार्च २०२४ मध्ये हाँगकाँगनं स्वतःचा नवा सुरक्षा कायदा केला, त्यात राजद्रोहाची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून सात वर्षांवर गेली. बाहेरच्या शक्तीशी संगनमत असेल तर दहा.

अजून एक. कधी कधी वापरलेला कायदा वृत्तपत्रांचा नसतोच. चॉय युक-लिंग या पत्रकार बाईंनी एका हल्ल्याच्या शोधकथेसाठी गाड्यांच्या नंबरांवरून मालकांची माहिती काढली. सरकारी फॉर्ममध्ये माहिती कशासाठी हवी याचे जे पर्याय होते त्यात 'बातमीदारी' नव्हतीच. फॉर्ममध्ये खोटं लिहिलं म्हणून २०२१ मध्ये त्यांना दंड झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानं ही शिक्षा रद्द केली. तुम्ही फक्त 'माध्यमविषयक कायदे' अशी यादी करून बसलात, तर हा खटला तुमच्या जाळ्यात येणारच नाही. आणि न्यायालयानं शिक्षा रद्द केली हेही नोंदवा. आपल्या गृहीतकाला न जुळणारी नोंद गाळली की संशोधन संपलं.

मालकीचं घड्याळ. हे फार आधी आणि फार हळू चाललं. 'साउथ चायना मॉर्निंग पोस्ट' हे जुनं इंग्रजी दैनिक १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्याकडून रॉबर्ट कुओक या मलेशियन उद्योगपतीकडे गेलं. चीनच्या मुख्य भूमीत त्यांचे मोठे व्यवसाय होते. २०१६ मध्ये तेच दैनिक चीनच्या अलिबाबा कंपनीकडे गेलं. कुठल्याही व्यवहारात पोलीस आले नाहीत, कायदा मोडला नाही. मालकाचा धंदा जिथे आहे तिथल्या सरकारला दुखवायचं किती, हा प्रश्न मात्र संपादकाच्या खोलीत येऊन बसला. काही मालकांना चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेवर मानाची पदंही मिळाली. पद देणं म्हणजे बंदी घालणं नव्हे. पण पद घेतलेला माणूस अग्रलेख कोणत्या चष्म्यातून वाचेल हे तुम्हीच सांगा.

पैशाचं घड्याळ. वृत्तपत्र वाचकांच्या पैशावर चालत नाही, जाहिरातींवर चालतं. 'ॲपल डेली' १९९५ मध्ये सुरू झालं आणि खप भरपूर असूनही बड्या जाहिरातदारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जाहिरातदाराला विचारलं तर तो म्हणणार, हा व्यावसायिक निर्णय आहे. आणि कदाचित तसं असेलही. कारण छापील वृत्तपत्रांच्या जाहिराती त्याच वर्षांत जगभर घटत होत्या. याला आपण गोंधळात टाकणारा घटक म्हणतो. राजकीय दबावामुळे किती आणि मोबाइलमुळे किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक मार्ग असा: त्याच शहरातल्या, त्याच काळातल्या, तेवढ्याच खपाच्या पण मवाळ दैनिकाशी तुलना करायची. मोबाइल दोघांनाही सारखाच लागू.

माणसांच्या सवयीचं घड्याळ. हे तर दिसतही नाही. १९९३ मध्ये 'मिंग पाओ'चा बातमीदार शी यांग याला बीजिंगमध्ये अटक झाली. सोन्याची विक्री आणि व्याजदर यांविषयीची माहिती मिळवल्याबद्दल, म्हणजे सरकारी गुपितं चोरल्याबद्दल, १२ वर्षांची शिक्षा झाली. १९९७ च्या जानेवारीत तो सुटला. शिक्षा एकाला झाली, पण चीनची बातमी करणाऱ्या प्रत्येकानं मनात एक हिशेब केला असणार. हा हिशेब कुठल्या तक्त्यात येतो?

सगळ्यात बोलकं उदाहरण 'सिटिझन न्यूज'चं. 'स्टँड न्यूज'वर छापा पडल्यावर चारच दिवसांनी या संकेतस्थळानं आपण बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यावर छापा नाही, खटला नाही, नोटीस नाही. सहकाऱ्यांची सुरक्षितता एवढंच कारण. तुम्ही 'सरकारनं बंद केलेल्या माध्यमांची' यादी केलीत, तर 'सिटिझन न्यूज' त्यात बसत नाही. वगळलंत, तर परिणाम अर्धाच दिसतो.

परत त्या निर्देशांकाकडे

आता माझ्या आलेखात नेमकं काय चुकलं होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही ती चूक करणार नाही.

एक, क्रमांक आणि गुण या वेगळ्या गोष्टी. तुम्ही जागेवरच उभे आहात आणि इतर पुढे गेले तरी तुमचा क्रमांक घसरतो.

दोन, २००२ मध्ये यादीत १३९ देश-प्रदेश होते, २०२२ मध्ये १८०. वर्ग मोठा झाला की 'अठरावा नंबर' याचा अर्थ बदलतो.

तीन, आधी कमी गुण म्हणजे चांगलं होतं. २०२२ पासून १०० पैकी जास्त गुण म्हणजे चांगलं. आणि गुण आता पाच घटकांतून येतात: राजकीय, आर्थिक, कायदेविषयक, सामाजिक-सांस्कृतिक आणि सुरक्षितता.

मग निर्देशांक फेकून द्यायचा का? नाही. २०२२ नंतरची वर्षं एकाच पट्टीची आहेत, त्यांची आपसात तुलना करा. तिथे हाँगकाँग १३५ ते १४८ च्या दरम्यान आहे. २०२१ पर्यंतची मालिका वेगळी ठेवा. दोन्हींच्या मधे आलेखावर उभी तुटक रेघ काढा आणि खाली लिहा की इथे पद्धत बदलली. माझ्या सुधारित आलेखात ती रेघ आहे. आलेख आता कमी नाट्यमय दिसतो, पण सरांच्या प्रश्नाला उत्तर देतो.

जे छापलंच नाही ते मोजायचं कसं?

शाळेत एक विनोद असायचा. बाई वर्गात येऊन म्हणतात, "जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा." स्वयंसेन्सॉरशिपचा अभ्यास म्हणजे अगदी हेच. न छापलेली बातमी हात वर करत नाही.

फार क्वचित ती स्वतःहून दिसते. मे १९८९ मध्ये बीजिंगमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा 'वेन वेई पो' या चीनधार्जिण्याच दैनिकानं अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि त्यात फक्त चार चिनी अक्षरं छापली. तीव्र दुःख सांगणारी. ती कोरी जागा आजही अभ्यासकांना मिळते. पण बाकीच्या हजारो बातम्यांची जागा कोरी राहत नाही, तिथे दुसरी बातमी येऊन बसते. म्हणून आडवाटेनं जावं लागतं. तीन वाटा सांगते.

पहिली वाट, पत्रकारांनाच विचारणं. चॅन, ली आणि क्लेमंट सो यांनी १९९० पासून काही काही वर्षांच्या अंतरानं पत्रकारांची सर्वेक्षणं केली. हाँगकाँगची पत्रकार संघटना २०१३ पासून स्वतःचा निर्देशांक काढू लागली. इथे प्रश्न कसा विचारता याला महत्त्व आहे. "तुम्ही भीतीनं बातमी सोडली का?" याला कोण हो म्हणेल? म्हणून "तुमच्या क्षेत्रात हे कितपत गंभीर आहे?" असंही विचारतात. स्वतःबद्दलचं आणि इतरांबद्दलचं उत्तर यांतली तफावत हाच एक डेटा. पण सावध राहा: ज्यांनी पेशा सोडला, देश सोडला, ते पुढच्या सर्वेक्षणात नसतात. उरलेल्यांची सरासरी सुधारली तरी परिस्थिती सुधारली असं नाही. कदाचित नाराज असलेलेच निघून गेले असतील.

दुसरी वाट, ठरलेली तारीख. तिआनमेन चौकातल्या ४ जून १९८९ च्या हत्याकांडाची आठवण म्हणून १९९० ते २०१९ अशी सलग ३० वर्षं हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मेणबत्ती सभा भरायची. २०२० पासून तिला परवानगी मिळाली नाही. आपल्यासाठी याचा उपयोग असा की तारीख तीच, जागा तीच, घटना तीच. दरवर्षी ५ जूनचे अंक काढा आणि बघा: बातमी पहिल्या पानावर की आठव्या? फोटो केवढा? आकडा आयोजकांचा की पोलिसांचा? शब्द 'हत्याकांड' की 'घटना'? घटना स्थिर असली की बदलतं ते वृत्तपत्र. प्रयोगशाळेत आपण हेच करतो, बाकी सगळं स्थिर ठेवून एक गोष्ट बदलू देतो.

यात 'दोन्ही बाजू'चा मुद्दा नीट हाताळावा लागतो. गे टकमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये मांडलं होतं की वस्तुनिष्ठता हा पत्रकारांचा एक बचावाचा विधी असतो, टीकेपासून वाचण्यासाठी पाळलेला. हाँगकाँगमध्ये हे दोन्हीकडून दिसतं. 'आम्ही दोन्ही बाजू दिल्या' असं म्हणून बातमीदार संवेदनशील बातमी वाचवतोही, आणि तेच म्हणून संपादक ती पातळही करतो. नुसते उद्धृतांचे आकडे मोजून कोणतं काय ते कळत नाही. अंक वाचावा लागतो आणि माणसांशी बोलावं लागतं.

तिसरी वाट, शेजारी बघणं. मकाव १९९९ मध्ये पोर्तुगालकडून चीनकडे आलं, सूत्र तेच. तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा २००९ मध्येच झाला आणि फारसा गाजावाजा झाला नाही. तिथली वृत्तपत्रं लहान आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे सत्तांतर सारखं, पण बाजार आणि आधीची सवय वेगळी. हा परिपूर्ण कंट्रोल ग्रुप नाही. पण 'सत्तांतर झालं की असंच होतं' असं सरसकट वाक्य लिहिण्यापासून तो आपला हात धरतो.

डेटाच गायब झाला तर?

हे माझ्या विषयाच्या सगळ्यात जवळचं आहे. 'ॲपल डेली' बंद झालं तेव्हा फक्त उद्याचा अंक बंद झाला नाही. काही दिवसांतच संकेतस्थळ गेलं आणि त्याबरोबर २६ वर्षांचं ऑनलाइन भांडार. 'स्टँड न्यूज'चंही तेच. सरकारी प्रसारण संस्था आरटीएचकेनं २०२१ मध्ये एक वर्षाहून जुने कार्यक्रम आपल्या ऑनलाइन पानांवरून काढून टाकले. काही लोकांनी धावपळ करून लेख उतरवून ठेवले, म्हणून थोडं शिल्लक आहे.

संख्याशास्त्रात आपण शिकतो की काही नोंदी योगायोगानं हरवतात आणि काही विशिष्ट कारणानं. इथे हरवलेल्या नोंदी योगायोगानं हरवलेल्या नाहीत. जी माध्यमं जास्त टीका करायची तीच गायब आहेत. आज तुम्ही उरलेली संकेतस्थळं खरवडून २०१५ सालचा डेटा गोळा केलात, तर २०१५ सालचं हाँगकाँग होतं त्यापेक्षा शांत दिसेल. भूतकाळच बदललेला दिसेल! म्हणून माझ्या प्रबंधात आता एक वेगळा तक्ता आहे: कोणतं भांडार आहे, कोणतं नाही, केव्हा आणि कसं गेलं. गाईड मॅडम म्हणाल्या, "हा तक्ता परिशिष्टात नको, पहिल्याच प्रकरणात घाल." 

आपल्या दाराशी असलेला विषय

हाँगकाँगसाठी मला चिनी भाषेची अडचण पदोपदी येते. भाषांतरावर विसंबावं लागतं. पण मराठी वाचता येणाऱ्यांसाठी असाच एक विषय अगदी शेजारी आहे, गोवा.

सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे. १९ डिसेंबर १९६१ रोजी सार्वभौमत्व बदललं, दिशा हाँगकाँगच्या उलट. १९६२ च्या मार्चमध्ये 'गोमन्तक' हे मराठी दैनिक सुरू झालं, पुढच्या वर्षी 'नवहिंद टाइम्स' आणि 'राष्ट्रमत'. कायद्याचं घड्याळ एका दिवसात पुढे गेलं. मालकीचं? 'गोमन्तक' चौगुलेंचं आणि 'नवहिंद टाइम्स' धेंपोंचं, दोन्ही घराणी खाण उद्योगातली. सवयीचं? १९०० पासून पोर्तुगीज भाषेत निघणारं 'ओ हेराल्दो' थेट १९८३ पर्यंत पोर्तुगीजच राहिलं, मग इंग्रजी झालं. १९६७ च्या जनमत कौलात 'गोमन्तक' महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं आणि 'राष्ट्रमत' विरोधात उभं होतं. म्हणजे सेन्सॉर गेल्यावर पाच वर्षांत एकाच भाषेतली दोन दैनिकं जाहीर भांडत होती. चारही घड्याळं लावून हा काळ बघितला तर काय दिसेल? विषय शोधत असाल तर विचार करा.

जाता जाता

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. मी निवडलेली तारीख खरंच बदलाची आहे, की फक्त समारंभाची?

२. माझ्या मालिकेत मधेच पट्टी बदलली आहे का?

३. माझ्या व्याख्येत न बसणारी, पण परिणाम सांगणारी घटना कोणती? (तुमचं 'सिटिझन न्यूज' कोणतं?)

४. माझ्या डेटात जे नाही, ते का नाही?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. हाँगकाँग सरकार म्हणतं की कायदा पाळणाऱ्या पत्रकाराला काही धोका नाही, आणि तिथे आजही रोज वृत्तपत्रं निघतात, 'हाँगकाँग फ्री प्रेस'सारखी छोटी माध्यमंही काम करतात. हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. स्टॉलवरचे अंक मोजता येतात. पण त्या अंकांत जी बातमी असायला हवी होती आणि नाही, तिची नोंद स्टॉलवाला देऊ शकत नाही. ती आपल्यालाच काढावी लागते, आणि अशी काढावी लागते की समितीतल्या सरांनी एकच प्रश्न विचारला तरी ती टिकली पाहिजे.

माझ्या पुढच्या सादरीकरणाची तारीख लागली आहे. तुटक रेघ घेऊन जाते. बघू या.